टाक, पुन्हा

“रबराला ताप येत नाही, खिलारे.”

मी मागे वळून पाहिलं. वर्गाच्या दारात चाकांच्या खुर्चीवर हिवाळेबाई बसल्या होत्या. मांडीवर शाल, मानेला डावीकडे पांढरी पट्टी आणि पट्टीखालून लोंबणारी नळीची दोन तोंडं. एकावर लाल टोपण, एकावर निळं. खुर्ची ढकलत आणणारी रुबिना तांबोळी त्यांच्या मागे ओशाळून उभी होती.

“मॅडम, मी नको म्हणत होते,” ती म्हणाली. “त्यांनीच हट्ट धरला.”

“मशीन धुताहेत अजून. तोवर काय छताकडे बघत पडू?” बाईंनी टेबलावरच्या रबरी धडाकडे हनुवटीने खूण केली. “हे काय आणलंयस?”

“सरावासाठी आहे, बाई. मुलींना नळीची निगा शिकवतेय.”

“चुकलं तर मरतं का हे?”

मुली फिसकन हसल्या. मीही हसले. बाईंसमोर मोकळेपणी हसायला मला कित्येक वर्षं लागली होती.

नगरच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मार्था हिवाळे मेट्रन होत्या, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली शिकले. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी करून मग नर्सिंगला आले, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळ्यांपुढे उभं केलं होतं. “जंतू ओळखतेस म्हणे. छान. आता ते तुला किती ओळखतात बघू.” त्यांची शिकवायची रीत एकच. आम्ही ट्रे घेऊन पेशंटजवळ गेलो की त्या पाठीशी येऊन उभ्या राहायच्या. निर्जंतुक ग्लोव्हज घातलेला हात चादरीला, पलंगाच्या दांड्याला, स्वतःच्याच ॲप्रनला जरा जरी लागला, की मागून आवाज यायचा, “टाक. पुन्हा.” मग ग्लोव्हज, कापूस, पट्ट्या, मांडलेलं सगळं टाकायचं आणि हात धुण्यापासून सुरुवात करायची. पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर, कुणाहीसमोर. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना होणाऱ्या सासूबाई पायाचं प्लास्टर काढायला आल्या होत्या. त्यांच्या शेजारच्या खाटेवर मी सलाईन लावत होते आणि बाई मागून ‘टाक’ म्हणत होत्या. सासूबाईंनी नंतर विचारलं, “या बाई तुला एवढं काय टाकायला लावत होत्या गं?”

शाबासकी त्यांनी कधी कुणाला दिली नाही. काम बिनचूक झालं की त्या काही न बोलता पुढच्या खाटेकडे जायच्या. तेवढीच पावती. हॉस्टेलवर आम्ही एकमेकींना म्हणायचो, बाई गप्प राहिल्या ना? मग पेढे वाट.

आता त्या निवृत्त झाल्या होत्या, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि त्याच हॉस्पिटलात दाखल राहून त्या मानेतल्या नळीतून डायलिसिस घेत होत्या. लग्न केलं नव्हतं. एक भाचा पुण्याला होता, तो फोन करायचा. मी नर्सेसना शिकवणारी ट्यूटर झाले होते. बाईंचं दुखणं कुठवर आलंय ते डॉक्टर बोथरांनी मला नीट सांगितलं होतं.

“मानेतली उजवी शीर आधीच्या नळीने बंद झाली आहे. डावी तेवढी राहिली. हातावर फिस्चुला केलाय, म्हणजे दोन रक्तवाहिन्या जोडून दिल्यात, पण त्या फुगून सुई घेण्याजोग्या व्हायला वेळ लागणार. तोवर ही डावी नळी टिकली तर बाई टिकल्या. जंतू शिरले तर नळी काढावी लागेल, आणि काढली तर परत बसेलच असं मी म्हणणार नाही.”

बाईंनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, “बोथरा, मला नका शिकवू. तुमची इंटर्नशिप माझ्या वॉर्डात झाली.”

आणि त्या दिवशी वर्गात त्याच बाई म्हणाल्या, “माझ्यावर शिकव.”

“नको, बाई.”

“नको काय? माझं ड्रेसिंग आज बदलायचंच आहे. या पोरीच बदलतात ना, तू वर्गात असतेस तेव्हा? मग तुझ्या डोळ्यांसमोर बदलू देत. तू शेजारी उभी राहा.” त्यांनी मुलींवरून नजर फिरवली. तीच ती जुनी नजर. दोघीतिघींनी नकळत ॲप्रन सारखे केले. “आणि मी आहेच की.”

त्या शब्दांवर मी निर्धास्त झाले. नळीच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला खुद्द हिवाळेबाई. यापेक्षा सुरक्षित ड्रेसिंग त्या हॉस्पिटलात होणं शक्य नव्हतं.

“कोण करेल?” मी विचारलं.

कुणी हात वर केला नाही.

“तांबोळी करेल,” बाई म्हणाल्या. “तिचा हात हलका आहे.”

रुबिना राहुरीची. वडिलांचं पानाचं दुकान. डायलिसिसच्या खोलीत ती नवीनच लागली होती, तरी बाईंचं तिच्यावाचून हलत नव्हतं. सकाळी ड्युटीवर आली की आधी बाईंची वेणी घालायची, मग हजेरीला जायची. बाई तिला पोरी म्हणायच्या, आणि रागावल्या की तांबोळी.

*

बाईंची खाट खोलीच्या कडेला होती. उजवीकडे नर्सेसच्या खोलीची मोठी काच. आतला दिवा बंद असला की त्या काचेचा आरसा व्हायचा. नळी डावीकडे असल्यामुळे ड्रेसिंगच्या वेळी बाईंना मान उजवीकडे वळवावी लागायची. श्वास नळीवर पडू नये म्हणून तोंडावर मास्क. म्हणजे त्यांचा चेहरा आमच्याकडे नसायचा. पण काचेत त्यांना सगळं दिसायचं. त्यांचे हात, आमचे हात, आम्ही. आम्हालाही काचेत त्यांचे डोळे दिसायचे.

रुबिनाने हात धुतले. जुनी पट्टी काढली, ग्लोव्हज बदलले, नळी आत शिरते तिथली जागा पुसली, वाळू दिली. मी भोवतीच्या मुलींना सांगत होते, “घाई करायची नाही. औषध ओलं असताना पट्टी लावली की औषधाचा उपयोग शून्य.” रुबिना खरंच छान करत होती. मग नळीची तोंडं. लाल टोपणाचं झालं. निळं टोपण काढायच्या आधी तिने ते तोंड घासून पुसलं आणि नवं टोपण घ्यायला ट्रेकडे वाकली. ट्रे जरा लांब ठेवला होता. वाकताना तिचा डावा हात मागे गेला.

पलंगाच्या दांड्याला तिची बोटं लागली. की दांड्याजवळून गेली?

मला नक्की दिसलं नाही. हे मी स्वतःला वाचवण्यासाठी लिहीत नाही. त्या कोनातून खरंच नक्की दिसत नव्हतं. रुबिना एक क्षण थबकली. तिने मान वर करून काचेत पाहिलं. मीही पाहिलं.

काचेत बाईंचे डोळे उघडे होते. त्या रुबिनाच्या हाताकडे पाहत होत्या. त्यांना दांडाही दिसत होता आणि हातही, आमच्यापेक्षा चांगला. मी वाट पाहिली. माझ्या कानांनी तो शब्द ऐकायची तयारीसुद्धा केली होती.

बाई काही बोलल्या नाहीत.

मी श्वास सोडला. रुबिनानेही सोडला असावा, कारण तिचे खांदे खाली आले. तिने निळं टोपण काढलं, नवं बसवलं, दोन्ही तोंडं कापडात गुंडाळून पट्टीने छातीशी चिकटवली.

“बघितलंत?” मी मुलींना म्हटलं. माझ्या आवाजात अभिमान होता, तो मला अजून ऐकू येतो. “हिवाळेबाईंच्या समोर पहिल्या फटक्यात. मला यासाठी वर्ष लागलं होतं.”

“रुबिना, पेढे!” कुणीतरी म्हणालं. बाईंच्या गप्प राहण्याची ती गोष्ट मीच त्यांना वर्गात सांगितली होती.

रुबिना हसली नाही. मला वाटलं, दडपण असेल.

*

पुढच्या डायलिसिसला मशीन सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि बाईंना हुडहुडी भरली. नुसती थंडी नव्हे. खाट वाजत होती. दोन ब्लँकेटं घातली, तरी दात आपटत होते. ताप चढत गेला, रक्तदाब उतरत गेला. रक्त तपासणीला पाठवलं, अँटिबायोटिक सुरू केलं. अहवाल आला तेव्हा मला तो उघडायचीही गरज नव्हती. कातडीवर आणि दांड्यावर राहणारे ते जंतू मी विद्यार्थिनी असल्यापासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आले होते. द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात.

एका स्पर्शाने हे झालं असं कुणीही सिद्ध करू शकणार नाही. जंतू आधीच्या ड्रेसिंगला शिरले असतील, आंघोळीच्या वेळी शिरले असतील. विज्ञान एवढंच म्हणेल की शक्यता आहे. मी हे मनाशी पुष्कळदा म्हटलं. त्याने काही फरक पडला नाही.

नळी काढावी लागली. तात्पुरती एक जांघेत घातली. बाईंना बसता येईना, कूस बदलता येईना. बोथरा माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताप पूर्ण उतरला की डावीकडून पुन्हा प्रयत्न करू. नाही जमलं तर मग बघू.”

मग काय बघणार, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी रुबिना माझ्या वर्गात आली. रबरी धड पुसून कपाटात ठेवत होते मी.

“मॅडम, माझा हात लागला होता.”

मी फडकं खाली ठेवलं. “कुठे?”

“दांड्याला. टोपण घेताना. मला कळलं होतं.”

“मग थांबली का नाहीस?”

“मी काचेत बघितलं.” तिचा आवाज फुटला. “बाई बघत होत्या. तुम्ही पण बघत होता. कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, लागला नसेल. बाई बोलल्या नाहीत म्हणजे लागलाच नसणार. त्यांना दिसत नाही असं कधी होतं का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती आणि माझ्याकडे तिच्यापेक्षा वेगळं उत्तर नव्हतं. मीही हेच म्हटलं होतं स्वतःला. ती नवशिकी होती. मी रोज फळ्यावर लिहीत होते की शंका आली तर चूक झाली असंच धरा.

“मला काढतील का, मॅडम?”

“नाही.”

“बाईंना सांगू मी?”

“मी बोलते त्यांच्याशी,” मी म्हटलं. तिच्या मनाची सुटका करायला म्हटलं की मला आधी जायचं होतं म्हणून, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही.

*

बाई सपाट पडून होत्या. जांघेत नळी, म्हणून पाय सरळ. वेणी सकाळचीच, नीट घातलेली. मी स्टूल ओढून बसले.

“तोंड का असं केलंयस?” त्या म्हणाल्या. “मी अजून आहे.”

“बाई, रुबिनाचा हात दांड्याला लागला होता.”

“हो.”

अगदी सहज म्हणाल्या.

“तुम्हाला दिसलं होतं?”

“न दिसायला काय झालं? मोतीबिंदू मागच्याच वर्षी काढलाय.”

“मग बोलला का नाहीत?”

त्या छताकडे बघत राहिल्या. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना त्यांची सून भात भरवत होती, तिचा “आ करा, आ करा” असा आवाज येत होता. बाईंनी मला पडदा ओढायला सांगितलं. मी ओढला.

“जिभेवर आला होता शब्द,” त्या हळू म्हणाल्या. “ती पोरगी रोज माझी वेणी घालते. हाक मारली की पळत येते. संडासचं भांडं द्यायला, काढायला. तुला माहीत आहे, भांडं वेळेवर न मिळणं म्हणजे काय असतं? तुझ्या सगळ्या मुलींच्या देखत मी तिला ‘टाक’ म्हटलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी मी हाक मारल्यावर ती जरा सावकाश आली असती तर?”

“रुबिना तशी नाही, बाई.”

“नाहीच मुळी. मला काय माहीत नाही? सोन्यासारखी पोर आहे.” त्या थांबल्या. “तरीपण.”

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

“अख्खं आयुष्य पेशंटना सांगत आले. काही टोचलं, दुखलं, कुणाचं चुकलं असं वाटलं, तर बोला, घाबरू नका. कुणी म्हणून बोललं नाही. मला वाटायचं, अडाणी आहेत. खेड्यातली माणसं, काय कळतं यांना.” त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. “आता कळलं. ज्याच्या हातात आपली नळी असते ना, खिलारे, त्याला टोकताना जीभ टाळूला चिकटते. लाज वाटते मला. तुझ्याशी हे बोलायची पण लाज वाटते.”

मी त्यांचा हात धरला. हातावर जोडलेल्या रक्तवाहिन्या कातडीखाली थरथरत होत्या, मांजर गुरगुरल्यासारख्या.

“मी शेजारी उभी होते, बाई. मला नुसती खूण करायची.”

“हं.”

“आता नवी नळी बसली की तिचं ड्रेसिंग मी स्वतः करणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. आणि काही दिसलं तर मला सांगायचं. सांगाल ना?”

“सांगेन.”

“नक्की?”

“सांगेन म्हटलं ना! तू काय परकी आहेस?”

*

ताप उतरला. बोथरांनी डावीकडून पुन्हा नळी बसवली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. “बसली,” ते म्हणाले. “पण आता ही गेली तर माझ्याकडे काही नाही. फिस्चुला धरेपर्यंत हिला जपा.”

पहिल्या ड्रेसिंगला मी मुलींना बोलावलं नाही. पडदा ओढला. बाईंनी मान उजवीकडे वळवली, मी त्यांच्या तोंडावर मास्क बांधला. काचेमागचा दिवा बंद होता. ट्रे मी जवळ घेतला होता, वाकायची गरज पडू नये इतका जवळ.

हात धुतले, पट्टी काढली, पुन्हा हात, नवे ग्लोव्हज. नळीची जागा स्वच्छ होती, लाली नाही, ओल नाही. मी औषधाचा कापूस उचलणार होते. त्याआधी माझा उजवा हात पलंगाच्या दांड्याला लागला.

घासून गेला नाही. टेकला. चारी बोटं टेकली.

मी काचेत पाहिलं. बाईंचे डोळे माझ्या हातावर होते. मग ते हातावरून निघाले आणि वर, कुठेतरी पंख्याकडे गेले.

मी थांबले. पंखा फिरत होता. शेजारच्या मशीनचा आवाज येत होता. मी त्याच हाताने कापूस उचलला आणि त्यांच्या मानेकडे नेला. सावकाश नेला. त्यांची मानेवरची शीर जोरात उडत होती. मी कापूस आणखी जवळ नेला, नळीपासून बोटभर अंतरावर. त्यांनी डोळे मिटून घेतले.

काही बोलल्या नाहीत.

“टाकते, बाई,” मी म्हटलं. “हात लागला.”

मी सगळं टाकलं. कापूस, ग्लोव्हज, उघडलेला सगळा ट्रे. बेसिनपाशी जाऊन हात धुतले. पाण्याचा आवाज बराच वेळ चालू ठेवला. परत आले तेव्हा त्यांनी मान सरळ करून मास्क खाली ओढला होता आणि त्या माझ्याकडे थेट बघत होत्या.

“तुझा हात लागत नाही,” त्या म्हणाल्या.

मी नवे ग्लोव्हज उघडत होते.

“तो हात मी घडवलाय. झोपेत सुद्धा दांड्याला लागायचा नाही. मुद्दाम लावलास.”

माझ्या तोंडावर मास्क होता म्हणून मी देवाचे आभार मानले. “हो,” मी म्हटलं.

“परीक्षा घेतलीस माझी.”

“हो, बाई.”

तो कापूस मी त्यांच्या नळीला लावणार नव्हते. काहीही झालं तरी लावणार नव्हते. पण ते मला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं. त्या मान वळवून, मास्कमध्ये, आपल्या शेवटच्या शिरेकडे घाण हात येताना बघत पडल्या होत्या. आणि तो हात त्यांच्या सगळ्यात विश्वासातल्या माणसाचा होता.

“त्या पोरीची गोष्ट सांगितली तुला,” बाई म्हणाल्या, “भांड्याची, हाकेची. खरी होती ती. पण मला वाटलं, तू असलीस की मी बोलेन. मलाच बघायचं होतं.” त्यांचा आवाज कोरडा होता, वॉर्डातल्या रिपोर्टसारखा. “नाही बोलले.”

“का, बाई?”

“तुला वाईट वाटलं असतं तर? एवढं शिकलेली तू, ट्यूटर झालीस, अजून ही म्हातारी टोकतेय. मग उद्या म्हणाली असतीस, करेल दुसरी कुणीतरी.” त्यांनी शालीचं टोक ओढून घेतलं. “भाचा फोन करतो. फोनवरून ड्रेसिंग होत नाही.”

मी हात वर धरून उभी होते, कुठे लागू नयेत म्हणून. मला त्यांना धरायचं होतं आणि धरता येत नव्हतं.

“मग?” त्यांनी विचारलं. “पास का नापास?”

मी गप्प राहिले.

“बोल. गप्प बसू नकोस. गप्प बसून काय होतं ते बघितलं ना आपण.”

“नापास, बाई.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. “बरं झालं बोललीस,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच मास्क वर ओढला आणि मान वळवली. “पुन्हा घे कधीतरी.”

“पुन्हा नाही घेणार.”

“मी सांगतेय ना, घे.”

*

पुढचं ड्रेसिंग मी जितकं जपून केलं तितकं नंतर कधी केलं नाही. कोपरं अंगाशी घट्ट, प्रत्येक हालचाल आधी मनात करून मग हाताने. दांडा मी आधीच खाली पाडून ठेवला होता. रुबिना पडद्याशी उभी होती. बाईंनीच तिला बोलावून घेतलं होतं. “बघू दे पोरीला,” म्हणाल्या होत्या. तिने सांगायचं ते त्यांना सांगितलं होतं आणि बाईंनी तिला काय सांगितलं ते मला दोघींनीही कधी सांगितलं नाही.

नळीची जागा पुसून झाली. मी पुढचा कापूस उचलला.

“टाक.”

इतका बारीक आवाज होता की आधी मला वाटलं, पडद्यापलीकडून कुणी काहीतरी म्हणालं. मी थांबले. हातांकडे पाहिलं. एक एक बोट मनात तपासलं. चादर, दांडा, ट्रेची कड, ॲप्रन, काही काही लागलेलं नव्हतं. रुबिनाने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान नकारार्थी हलवली. तिलाही दिसलं होतं की लागलं नव्हतं.

“बाई?” मी म्हटलं.

मास्कमधून पुन्हा आवाज आला. या वेळी मोठा, पण कापरा.

“टाक. पुन्हा.”

“हो, बाई.”

मी कापूस टाकला. ग्लोव्हज टाकले. उघडलेला ट्रे गोळा करून लाल पिशवीत घातला. बेसिनशी गेले, हात धुतले, नवा ट्रे मागवला. रुबिना पळत जाऊन तो घेऊन आली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि सबंध वेळ काचेतून दोन डोळे माझ्यामागे फिरत होते. बेसिनपर्यंत, ट्रेपर्यंत, परत खाटेपर्यंत. ते डोळे माझ्या ओळखीचे होते. ट्रे घेऊन वॉर्डात उभ्या असताना आम्ही मुली बाईंकडे अशाच बघायचो. आता ओरडतील, आता ओरडतील.

मी कापूस उचलला.

“खिलारे,” बाई काचेतल्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, “रागावलीस का गं?”